शेजारणीला दिलेली अर्धी गोळी

मी रुपाबाईचा अडकित्ता बोलतोय. शेलूबाजारच्या बाजारात तिनं मला घेतलं त्याला तीस वर्षं झाली. सुपारी कातरणं माझं काम. त्यात मी कधी चुकलो नाही.

औंदा वेगळंच काम आलं. मायबाप ऊसतोडीला गेले आणि रुपाबाईची आठ वर्षांची नात सायली हिला धास्तीच बसली. जेवेना, बोलेना, शाळेचं नाव काढलं की ओकायची. वाशिमच्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली, रोज अर्धी. हातानं मोडली की भुगा व्हायचा, म्हणून रुपाबाईनं मला पुसून घेतलं. खोटं कशाला बोलू, पोरगी जेवायला लागली.

उरलेली अर्धी उद्यासाठी पानाच्या चंचीत माझ्याशेजारी राहायची. ती शेजारच्या पंचफुलानं पाहिली. तिचा पवन म्हणजे भिंगरी. शाळेत शनिवारी मनाचा तास असतो. पोरांनी गोल बसायचं आणि मनातलं सांगायचं. पवन गोलात टिकत नाही म्हणून निता मॅडमची तक्रार होती.

विरजण मागावं तसा पंचफुलानं हात पुढं केला. "मावशी, अर्धी त पडूनच रायते. माह्या पवनले दे. तुही सायली पाह्य कशी गाय झाली."

डॉक्टरला विचारू, असं रुपाबाई पुटपुटली. पण शेजारणीला नाही म्हणायची तिला सवय नाही. माणसांना मीठ काय, औषध काय, सारखंच.

त्या शनिवारी पवन अर्धी गोळी खाऊन गोलात पेंगत बसला. मॅडमनी शाबासकी दिली. पुढच्या शनिवारी पुन्हा अर्धी. आज, तिसऱ्या शनिवारी, पंचफुलानं अख्खी मागितली आणि रुपाबाईनं दिली. मला चंचीतून काढलंसुद्धा नाही.

दुपारी सायली धावत आली. "आजी, मी तासात सांगतलं. मले भेव लागते म्हटलं. पवन माही गोळी खाते अन् आता तो उठून नाही राह्यला."

पंचफुलानं आणि मॅडमनी पवनला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

आत्ता मॅडमचा फोन आलाय. पंचफुला डॉक्टरला सांगते, पोरगं उपाशी होतं, गोळीबिळी काही नाही, सायली खोटं बोलते. मॅडम विचारतात, "आजी, दिली का गोळी? कोणती अन् किती? डॉक्टर थांबलेत."

रुपाबाईच्या एका हातात फोन, दुसऱ्या मुठीत मी. सायली तिच्या तोंडाकडे बघते आहे.

बोल ना बाई. माझ्या जिभेला धार आहे, आवाज नाही. आठ वर्षांची पोरगी बोलली, तुले काय झालं?