हौसा लॉन्सचं गवत

पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला लागून आनंदा पाटलाची लग्नाची जागा आहे. आईच्या नावावरून त्याने तिला 'हौसा लॉन्स' म्हटलं. हॉल ऐसपैस, कमान तर अशी की ट्रकवाले मान वळवून बघायचे. पण ज्याच्यावरून 'लॉन्स' म्हणायचं, ते गवतच काही केल्या धरत नव्हतं.

मे महिन्यातल्या एका लग्नात कहर झाला. फोटोग्राफरने नवरा-नवरीला गवतावर उभं केलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मुकाट्याने गाडीतून हिरव्या प्लास्टिकची चटई आणून त्यांच्या पायाखाली अंथरली. आनंदा शेजारीच उभा होता.

"शेठ, पुढच्या येळी गवत आमी घरून आनू का?" नवरीच्या मामाने विचारलं.

सगळे हसले. आनंदाही हसला; पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

याच जागेत भात लावत तो मोठा झाला होता. "जन्मभर शेतातलं गवत उपटून कंबर मोडली माजी," तो बायकोला, मालूला म्हणाला. "तवा मरत नव्हतं. आता जग बाबा म्हनतो, तर जगत नाय!"

नर्सरीतून गवताच्या लाद्या आणून दोनदा बसवल्या, युरिया टाकला, सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभा राहिला. गवत आठवडाभर हिरवं दिसायचं, मग कडेपासून पिवळं पडत जायचं. बुकिंग सांभाळणारी सून, समीक्षा, एकदा म्हणाली, "पप्पा, एकदा माती टेस्ट करून घेऊ या ना."

"माज्या जमिनीची परीक्षा कोन दुसरा घेनार?" आनंदा फणकारला आणि पाइप घेऊन निघाला.

जुलैत लॉनचं तळं झालं. बदकं सोडायचीच काय ती बाकी होती. तीन दिवस उघडीप मिळाली तेव्हा पाणी कसंबसं हटलं आणि झाडलोटीला येणाऱ्या मंगळीने कमानीपाशी उभ्या आनंदाला हाक मारली. मंगळी डोंगराखालच्या वाडीवरची, बोलायला कमी. तिने हाक मारली म्हणजे काहीतरी असणारच.

"शेठ, तुमचं गवत रांगेत उगवलंय बगा."

खरंच होतं. लाल चिखलात, सात-आठ पावलांच्या अंतराने, पोळपाटाएवढे हिरवेगार झुपके उभे होते. सरळ दोन ओळी. आनंदा चक्रावला. मालूने मात्र पदर खोचला, एका झुपक्यापासून दुसऱ्यापर्यंत चालून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, हे तर मांडवाचे खांब! मेमधल्या लग्नाचे."

"खांब काडले तवा खड्डे तसेच होते," मंगळी म्हणाली. "कोनाचा पाय जाईल म्हनून मीच त्यात सुकलेले हार, पाला आनि रेती लोटली."

आनंदाने पहार आणली. झुपक्याच्या मधोमध मारली, तर ती हातभर आत गेली. दोन पावलं सरकून मारली, तर चार बोटांवर ठण्ण! त्याच्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या.

त्याने पहार खाली ठेवली. पाच वर्षांपूर्वी जागा उंच करायला त्यानेच खाणीतला मुरूम ओतून घेतला होता, वरून रोलर फिरवला होता आणि तोंडदेखली लाल माती पसरली होती. "गवताला बोल लावत बसलो," तो पुटपुटला, "आनि खाली रस्ता मीच बांधलाय."

"मग उकरा आता," मालू म्हणाली, आणि हसत सुटली. तिचं बघून मंगळीही हसली. मग त्यालाही राहवेना.

समीक्षाने ऑगस्टमधले दोन साखरपुडे हॉलमध्ये वळवले. मंगळी वाडीवरच्या चार बायका घेऊन आली. वीत-वीत अंतरावर पहारीने भोकं पाडायची, त्यात रेती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस भरायचं. कडेने पाणी जायला चर काढला. आनंदा पहिल्या दिवशी हुकूम सोडत होता. दुसऱ्या दिवसापासून मंगळी सोडू लागली आणि तो ऐकू लागला. मातीची पुडी प्रयोगशाळेत द्यायला तो स्वतःच गेला. कागद आला, त्यावर वरपासून खालपर्यंत 'कमी, कमी, कमी'. त्याने तो समीक्षाच्या हातात दिला. "नापास झालो बग," तो म्हणाला. "आता काय टाकायचं ते सांग."

तुळशीचं लग्न झालं आणि हौसा लॉन्सवर हंगामाचं पहिलं लग्न लागलं. अक्षता पडायच्या आधीच पोरांनी हिरव्यागार लॉनचा ताबा घेतला. कुणी कोलांट्या मारत होतं, कुणी नुसतंच लोळत होतं. आनंदा ओरडायला पुढे झाला, तशी मालूने त्याचा शर्ट मागून धरला.

"लोळू द्या. त्याच्यासाठीच तर हाय ते."

तेवढ्यात उलव्याहून आलेल्या, आपल्या इमारतीतल्या बागेला कंटाळलेल्या एका वऱ्हाडी बाईंनी त्याला गाठलं. "शेठ, आमच्याकडे काही टिकतच नाही हो. हे कुठल्या जातीचं गवत आहे?"

आनंदा सांगणार होता. पण त्याने मागे वळून, जरीकाठाच्या साडीत पाहुण्यांना गजरे वाटणाऱ्या मंगळीला हाक मारली.

"हिला विचारा," तो म्हणाला. "आमी हिच्याकडूनच शिकलो."

मंगळीने गजऱ्यांची परडी खुर्चीवर ठेवली आणि बाईंकडे नीट पाहून विचारलं, "आदी सांगा, खाली काय भरलंय तुमच्या?"