डाव्या काठाकडे

फरशीवाल्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, असा त्याचा लौकिक. आणि अशा माणसाची बोट तळ्यात सरळ जाईना! बरी चाललेली बोट हळूहळू डाव्या हाताच्या काठाकडे वळायची आणि लव्हाळ्यात नाक खुपसायची. बोटघराचा म्हातारा रखवालदार काठावरून ओरडायचा, "अहो, गवत चारायला आणलीय का तिला?" या तळ्यापलीकडचं पाणी त्याने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे त्याला अ‍ॅडमिरल म्हणत.

बोटीत माणसं दोन. वल्हवताना जायचं तिकडे पाठ आणि सोडून आलो तिकडे तोंड, त्यामुळे फरशीवाल्याला समोर दिसायची ती वहिनीची पाठ. इतकी वर्षं तिथे दादाची पाठ असे. थोरल्याने वल्ही टाकायची, धाकट्याने त्याच्या पाठीकडे बघून आपली टाकायची, हा दोघांचा शिरस्ता.

दादा हिवाळ्यात गेला. औषधं चालेनाशी झालेल्या माणसांना शेवटपर्यंत सांभाळणारं एक शुश्रूषाघर आहे, तिथे. त्या घरासाठी निधी जमवायला तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, उजाडल्यापासून मावळेपर्यंत वल्हवत जायचं, हे दादानेच ठरवलं होतं. तो गेल्यावर भेटायला आलेली माणसं एकजात सांगून गेली, काळ हेच औषध. फरशीवाल्याला वाटायचं, उठावं आणि एकेकाच्या तोंडावर सिमेंट थापावं. वहिनी मात्र एवढंच म्हणाली, "भावजी, यांच्या जागी मी बसते."

तिचं केस कापायचं दुकान. दिवसभर कात्री उजव्या हातात, म्हणून उजवा दणकट आणि डावा कच्चा, म्हणून बोट डावीकडे जाते, असं निदान अ‍ॅडमिरलने केलं. ते सगळ्यांना पटलं, आणि सगळ्यांत आधी वहिनीला. ती पाण्याच्या बादल्या डाव्या हाताने उचलू लागली. दुकानातला केर डाव्या हाताने काढू लागली. तळहाताला फोड आले, फुटले, तरी बोटीचं आपलं पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी एका सकाळी ती काठावरच बसून राहिली.

"माझ्याने नाही व्हायचं हे. तुम्ही दुसरं कुणी बघा, भावजी. निदान यांनी ठरवलेलं तरी पार पडू दे."

फरशीवाला एकटाच बोटीत बसला आणि निघाला. आजवर एकट्याने वल्हवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. पाण्यावर गेलं की त्याला बरं वाटे. तिथे कुणी समजूत घालत नाही. वल्ही पाण्यातून निघतात, आणि ती पुन्हा पडेपर्यंत बोट आपली आपण सरकत राहते, तेवढा वेळ कसलाच आवाज नसतो. त्या शांततेत बोट वळली. डावीकडेच, लव्हाळ्यातच. आणि वहिनी तर काठावर बसलेली.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दादा डावखुरा. त्याच्या डाव्या हाताचा जोर एवढा, की बोट उजवीकडे भरकटायची. ती सावरायला धाकटा लहानपणापासून उजव्या हाताला जास्त नेट लावत आला होता. डोकं ते कधीच विसरून गेलं, हात विसरला नाही. समोर दादा नव्हता, तरी त्याचा हात अजून दादाला सावरून घेत होता.

काठाला येऊन त्याने सगळं सांगून टाकलं. "खोट माझ्यात आहे, वहिनी. तुम्ही उगाच हात फोडून घेतलेत."

वहिनीने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "मग सुधारा की."

"सुधारता येईल. सोपं आहे. उजवा हात जरा सैल सोडायचा." तो अडखळला. "पण बोट सरळ गेली ना, वहिनी, तर दादा खरंच गेला."



वहिनी उठली आणि बोटीत आपल्या जागी जाऊन बसली. "चला. आज वाकडीच जाऊ दे."

काठ लांब राहिले तशी बोट वळू लागली. तिला कुणी आवरलं नाही. तळ्याच्या मध्यावर ती मोठमोठी रिंगणं घेत राहिली. वहिनी रडतेय हे त्याला तिच्या पाठीवरून कळत होतं, पण तिचं वल्हं एकदाही चुकलं नाही. तोही रडत होता, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. असंच फिरत राहायला त्याची काही हरकत नव्हती.

मग वहिनी मागे न बघता म्हणाली, "भावजी, यांना त्या टोकाला पोहोचायचं होतं हो."

फरशीवाल्याने उजवा हात सैल सोडला. बोट सरळ झाली, आणि त्याला हुंदका आवरेना. वहिनीने वल्हवणं थांबवलं नाही, म्हणून त्यालाही थांबता आलं नाही.