गार इंजिन आणि आप्पांचं नाक

नर्सबाईंची जीप पहाटेच्या थंडीत सुरू व्हायला नखरे करायची, आणि बाळंतपण काही इंजिन तापेपर्यंत थांबत नाही. गॅरेजातल्या मिस्त्रिणीने पेट्रोल फवारणारे नवे इंजेक्टर बसवले. आता गार इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं, ते आकडे लॅपटॉपवर जुळवायचे होते. ग्यानबाची मेख एवढीच, की इंजिन गार व्हायला अख्खी रात्र लागते. म्हणजे दिवसाला संधी एकच.

चार दिवस जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली. आनंद व्हावा, तर लॅपटॉप म्हणे इंजिनातलं पाणी चाळीस अंश. सकाळी सहाला, शेडमध्ये बोलताना तोंडातून वाफ निघत असताना! तिने तापमान मोजणारा सेन्सर बदलला. नवाही चाळीसच म्हणाला. तिने तोही बदलला आणि वायरिंगला शिव्या घातल्या. बॉनेटवर हात ठेवून बघावं, हे तिला सुचलं नाही. लॅपटॉप असताना हात कशाला लागतो?

पाचव्या दिवशी ती अर्धा तास लवकर आली. जीप आरामात घुरघुरत होती आणि स्टिअरिंगवर तिचे वडील, चाळीस वर्षं कार्बोरेटरात बोटं घातलेले आप्पा.

"काय करताय?"

"तापवून ठेवतोय. तुझ्यासमोर अडली, की तुझा जीव खालीवर होतो. म्हणून रोज थोडी तापवून बंद करतो."

"आप्पा, अडायलाच हवी होती! चुकल्याशिवाय मला चूक दिसणार कशी?"

आप्पांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. ते आता गरम झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई गाडी न्यायला येणार होत्या. म्हणजे गार इंजिन तपासायची संधी संपली होती. शेवटी मिस्त्रिणीने उरलेला एकच प्रश्न विचारला.

"रोज तुम्ही सुरू करायचात, तेव्हा गार असताना कशी उठायची?"

"पहिल्या सेल्फला ढिम्म. पेट्रोलचा वास नाकात. पेडल तळापर्यंत दाबून धरलं, तर चौथ्याला उठते. जास्त पाजतेस तिला. पाव भाग कमी कर. पण उठल्यावर मिनिटभर हात आखडू नकोस, नाहीतर विझेल."

दोन सेन्सरांना खोटं ठरवणाऱ्या बाईने बापाच्या नाकावर विश्वास ठेवला. दुसरा इलाजही नव्हता. सुरुवातीचा आकडा तिने पाव भाग खाली आणला आणि पुढच्या मिनिटाच्या आकड्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चार अंश. नर्सबाईंनी सेल्फ मारला. जीप उठली, थोडी थरथरली आणि चालत राहिली.

"एवढंसं काम, आणि पाच दिवस?" नर्सबाई म्हणाल्या.

मिस्त्रीण 'सेन्सर' म्हणणार, तोच आप्पा बोलले, "पाचही मी खाल्ले. हिची काही चूक नाही."

आजवर आप्पांनी गिऱ्हाइकासमोर चूक कबूल केल्याचं तिने पाहिलं नव्हतं. चूक नेहमी गिऱ्हाइकाची असायची. तिला एकदम भरून आलं आणि डोळे वाहू लागले. धुराचं निमित्त करावं, तर जीप धूरच सोडत नव्हती.