घरट्याचा नमुना

चिमणीच्या चार दिवसांच्या पिल्लाला पेढा भरवणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. वीस मार्चला, सकाळी अकरा वाजता, माईकसमोर. तेव्हापासून मी पेढा तोंडात घेतलेला नाही. आणि खरं सांगू का, त्या माणसापेक्षा मला माझीच किळस जास्त येते. लपवून काय उपयोग, सांगतोच.

मी बुधाजी. वरूडला गजेंद्रभाऊंच्या मंडीत संत्री भरायचे लाकडी खोके ठोकतो, तीस वर्षं झाली. भाऊ मंडीचे मालक, आणि आमच्या गावच्या शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. म्हणजे माझी भाकरीही त्यांच्याकडे आणि गावातल्या पोरांची शाळाही त्यांच्याकडे.

जानेवारीत हेडमास्तर योगेश सर मंडीत आले. फुटक्या खोक्यांच्या फळ्या द्या म्हणाले, पोरांकडून चिमण्यांची घरं करून घ्यायची होती. फळ्या दिल्या आणि तीन शनिवार मी स्वतः जाऊन बसलो. पोरांनी खिळे कमी आणि बोटं जास्त ठोकली. शिवम नावाच्या एकाला घरावर लाल ऑइलपेंट मारून स्वतःचं नाव टाकायचं होतं. मी म्हटलं, "अबे, चिमनी राहनार हाये त्यात, तुही आत्या नाय." रंग नाही, दारापुढे दांडी नाही, भोक सव्वा इंचाचं, बस.

त्या पोरांत एकच कामाची निघाली. आचल, पाचवीतली, भाजीवाल्या चंदाची मुलगी. खोक्याच्या आत खिळ्याचं टोक आलंय का, हे ती बोट फिरवून पाहायची आणि आलं असेल तर दगडानं ठोकून वाकवायची. लांब धागा पिल्लाच्या पायात गुंतून पाय तुटतो, असं मी एकदा सहज बोललो होतो. तर या पोरीनं वर्गाला गोळा केलेली सगळी सुतळी, नारळाची शेंडी, कापसाचे धागे, सगळं कात्रीनं बोटभर कापायला लावलं आणि मग अंगणात पसरलं.

चोवीस घरं टांगली. फेब्रुवारी संपला तरी तेवीस रिकामीच. भरलं एकच, आचलचं, व्हरांड्यात सामानाच्या खोलीच्या दारावर होतं ते. नर आधी काड्या घेऊन आला, मग मादी येऊन आत डोकावली, दोन काड्या बाहेर फेकून गेली, परत आली. बायकोच्या जातीला पहिल्यांदा घर पसंत पडतच नाही, असं मी म्हणालो तेव्हा आचलनं माझ्यावर डोळे वटारले.

तेव्हापासून व्हरांड्याचा तो कोपरा तिच्या राज्यात गेला. तिकडून कुणी धावायचं नाही, घंटा दुसऱ्या टोकाला टांगायची. हे तिनं योगेश सरांकडूनसुद्धा करून घेतलं. मी एकदा पाहायला गेलो तर मलाच दटावलं, "आबा, चपला काढा. आवाज येते."

मार्चच्या सोळा तारखेला ती शाळेतून थेट मंडीत पळत आली. धापा टाकत म्हणाली, "आबा, आतून चीं-चीं आवाज येऊन राहिला!" तीस वर्षांत मंडीत मला कुणी चांगली बातमी सांगायला आलेलं नव्हतं. मी हातोडी ठेवून तिच्यासोबत शाळेत गेलो.

इथंवर ठीक होतं. पण भाऊंना कळलं, की वीस मार्च हा चिमणी दिवस असतो. लगेच मंडप, लगेच फ्लेक्स, फ्लेक्सवर चिमणी लिंबाएवढी आणि भाऊ कलिंगडाएवढे. अमरावतीहून कुणी मोठे पाहुणे बोलावले. स्टेजवर उरलेल्या फळ्यांची दोन-तीन रिकामी घरं मांडली होती. भाऊंनी ती पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"रिकामे खोके काय दाखवता पाहुन्याले? भरेल खोकं आना."

"भाऊ, त्यात पिल्लं हायेत," मी म्हणालो.

"मंग तेच तं दाखवाचं हाये! खोकं फोडून नमुना पाह्यल्याबिगर व्यापारी बोली लावते का? पाच मिनिटाचं काम. जा."

आमच्या धंद्यात हे असंच असतं. व्यापारी आला की खोकं उघडून पुढं करायचं, त्यानं दोन फळं दाबून पाहायची. भाऊंना त्यात वावगं काहीच वाटलं नाही, तो माणूस जन्मभर तेच करत आला आहे. पण मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी स्टूल घेऊन व्हरांड्यात गेलो. मादी भुर्रकन उडाली. मी खिळा उपसला, खोकं छातीशी धरलं आणि घेऊन निघालो.

आचल स्वागतगीताच्या रांगेत पुढंच उभी होती. तिनं मला पाहिलं. गाणं चालू होतं, रांग सोडली असती तर मार पडला असता. तिचं तोंड गाण्यासाठी उघडं होतं, आवाज मात्र येत नव्हता.

मी खोकं स्टेजवर ठेवलं. पाहुण्यांनी खोक्याला हळदकुंकू लावलं. खाली उदबत्तीचा जुडगा लावला, धूर सरळ भोकातून आत. नारळ फोडला, पाणी झाकणावर शिंपडलं. मग झाकण उघडून पाहुण्यांनी संत्रं उचलावं तसं एक पिल्लू उचललं. उघडंनागडं, डोळे मिटलेले, पोट पारदर्शक. टाळ्या! फोटोवाला म्हणाला, अजून एकदा. मग पिल्लं या हातातून त्या हातात फिरली, आणि त्यातल्या एकाच्या उघड्या चोचीत पाहुण्यांनी पेढ्याचा खडा कोंबला. "तोंड गोड करा बेटा!" लोक हसले. योगेश सर हसले. मीही दात काढले, भाऊ माझ्याकडे पाहत होते ना.

पाच मिनिटांची म्हणून दोन भाषणं तासभर चालली, आणि खोकं स्टेजच्या कडेला उन्हात उघडं. मी ते परत ठोकलं तेव्हा साडेबारा वाजले होते. मादी तारेवर बसून ओरडत होती. ती आली, आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. तीन वाजता ती यायची थांबली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. भाऊंनी तो मंडीत चिकटवला. आचलच्या नावानं 'चिमणीमित्र' असं प्रमाणपत्र होतं, ते घ्यायला ती गेलीच नाही.

त्याच संध्याकाळी ती शाळेच्या व्हरांड्यात भेटली. मी पिल्लं पुरायला आलो होतो, पण तिनं ती आधीच पुरली होती. हात मातीनं भरलेले होते.

"बाकीचे बी काढून टाका," ती म्हणाली. "एखादी आली तं?"

मी तेवीसच्या तेवीस काढली. ती स्टूल धरून उभी होती. शेवटचं खोकं मी खाली दिलं तेव्हा तिनं विचारलं, "तुमी नाय म्हनले असते तं भाऊनं काय केलं असतं?"

"दुसऱ्या कोनाले सांगतलं असतं."

"मंग सांगू द्याचं होतं."

मी स्टुलावरून उतरेपर्यंत ती फाटकाबाहेर गेली होती. आता रस्त्यात दिसली तर मला बुधाजीकाका म्हणते. आबा म्हणत नाही.