केकवरचा मजकूर

मावशीच्या बेकरीत एक नियम होता: गिऱ्हाईक केकवर जे लिहायला सांगेल, ते मुकाट्याने लिहायचं. एकदा कुणीतरी 'माफ कर, म्हशी' असं लिहून घेतलं, तेव्हाही मावशीने हूं की चूं केलं नव्हतं. त्यामुळे शनिवारी, पंच्याहत्तरी गाठलेल्या एका आजोबांच्या केकवर तिने गुलाबी क्रीमने झोकात लिहिलं, 'बिनअंड्याचा'.

आजोबांच्या सुनेचा फोन आला आणि मावशीचा पारा चढला.

"तुझा तो प्रोग्राम!" ती भाचीवर कडाडली. "आणखी एक चूक झाली, की मी आपली पुन्हा हाताने ऑर्डरी उतरवून घेईन."

फोनवर येणाऱ्या निरोपांतून चव, वजन आणि मजकूर वेचून चिठ्ठी छापणारा हा प्रोग्राम भाचीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने लिहिला होता. त्याची अशी गच्छंती तिला बघवली नसती.

ती हात धुऊन चुकीच्या मागे लागली आणि चूक सापडल्यावर तिने कपाळावर हात मारला. निरोपात काय काय शोधायचं हे प्रोग्रामला सांगणाऱ्या साच्यात प्रत्येक गोष्टीसाठी एक कंस होता आणि कंसात सापडेल ते ती नंबराने उचलत होती: पहिला चव, दुसरा वजन, तिसरा मजकूर. शुक्रवारी तिनेच हौसेने अंड्याचा की बिनअंड्याचा हा नवा कंस मध्ये घुसवला. मजकूर चौथ्यावर सरकला, आणि प्रोग्राम बिचारा तिसराच उचलत राहिला. आता तिने प्रत्येक कंसाला नाव दिलं. मध्ये कितीही कंस घुसवा, 'मजकूर' म्हणून हाक मारली की मजकूरच हजर!

सोमवारची पहिलीच चिठ्ठी वाचून मावशीने कमरेवर हात ठेवले.

"प्रकार, अंड्याचा. मजकूर, बिनअंड्याचा. झालं समाधान?"

भाचीचं धाबं दणाणलं. तिने घाईघाईने मूळ निरोप उघडला, वाचला आणि ती खो खो हसत सुटली. निरोप त्याच सुनेचा होता. चॉकलेट, एक किलो, अंड्याचा, वर लिहा 'बिनअंड्याचा'. खाली आणखी एक ओळ होती: 'आजोबा इतके हसले, की घरात आता त्यांचं तेच नाव पडलंय.'

मावशीने तो निरोप दोनदा वाचला. मग क्रीमची पिशवी उचलली.

"उभी काय राहिलीस? पावाच्या ऑर्डरीही आजपासून तुझ्या प्रोग्रामलाच दे," ती म्हणाली. "आणि मी अक्षरं जरा मोठी काढते. आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."