न चेपलेला काटा

लाइलने त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात गळांवर अठरा नकली माश्या बांधल्या आणि अठरांचेही काटे मी चेपले.

आमच्या घरात एकतीस वर्षं हे काम असंच वाटलेलं होतं. जेवणं झाली की तो खिडकीपाशी बसायचा. टेबलाला लावलेल्या छोट्या शेगड्याच्या जबड्यात गळ घट्ट धरायचा, त्यावर एल्क हरणाचे केस, कोंबड्याचं पीस, लाल दोरा गुंडाळत जायचा, आणि बघता बघता त्या उघड्या तारेची माशी व्हायची. मग शेगडा सैल करून ती माझ्या तळहातावर ठेवायचा. गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो, गव्हाच्या कुसाएवढा, लागलेला मासा सुटू नये म्हणून. आम्हाला तर मासा सोडायचाच असतो. म्हणून मी पक्कड घ्यायचे आणि तो काटा चेपून सपाट करायचे. कट्, असा बारीक आवाज यायचा. त्या आवाजाशिवाय माशी पुरी झाली असं आम्ही दोघंही मानत नव्हतो.

गावात मर्व्हच्या दुकानात बिनकाट्याचे गळ तयार मिळतात. तो दरवर्षी लाइलच्या मागे लागायचा.

"अरे, जग कुठे गेलं आणि तू अजून काटेवाले गळ नेतोस. बायकोच्या बोटांची दया कर जरा."

"बिनकाट्याचे नेले तर ही संध्याकाळी काय करेल?" लाइल म्हणायचा. "माझ्याकडे बघत बसेल. ते मला परवडायचं नाही."

त्या हिवाळ्यात त्याची फुप्फुसं गेली होती. नाकात प्राणवायूची नळी, आणि तरी रोज खिडकीपाशी बसायचा. एक माशी बांधायला चार-चार दिवस लागायचे. अठरावी झाली तेव्हा डबी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "या भिंतीवर लावशील काचेत घालून, तर भूत होऊन येईन. पाण्यात घाल. सगळ्या."

"आणि संपल्या म्हणजे?"

"संपायलाच बांधल्यात."

मी बरं म्हटलं. मार्चमध्ये तो गेला. जमीन गोठलेली होती, पुरायला एप्रिलच्या शेवटापर्यंत थांबावं लागलं. लोक जेवणाची झाकलेली भांडी घेऊन यायचे, माझ्या डोळ्यांकडे बघायचे, आणि डोळे कोरडे बघून भांडी ओट्यावर ठेवून जायचे. मला रडू आलं नव्हतं. दुखतही नव्हतं. दाढ काढल्यावर गाल जसा आपला नसल्यासारखा वाटतो, तशी मी सगळीच मला वाटत होते. एक गोष्ट मात्र कळत होती. त्याच्या हातचं, अजून न वापरलेलं, या जगात एवढंच होतं. डबी रिकामी झाली की लाइल खरा संपणार होता, आणि ती रिकामी करायचा शब्द मीच दिला होता.

मेच्या तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे नदी मासेमारीला उघडते. बर्फाचं पाणी उतरून नदी निवळेपर्यंत जूनची अखेर आली. मी पिकअप पुलाशी लावली, छातीपर्यंतची रबरी विजार चढवली आणि वाळुंजांच्या झुडपांतून एकटी वर चालू लागले.

झुडपांतून जाताना आमच्याकडे मोठ्याने बोलत जातात, अस्वलाला कळावं म्हणून. अस्वलाला दचकवू नये. लाइल त्याला हवामानाच्या बातम्या द्यायचा. मला काही सुचेना. मग मी म्हटलं, "अस्वला, अठरा आहेत."

पहिली माशी पहिल्याच तासात गेली. फेकताना मागे टाकलेली गळाच्या काठीची दोरी वाळुंजात अडकली आणि मी ओढली. ओढायची नसते. लाइलने मला काठी चालवायला शिकवलं तेव्हा एक गाणं करून दिलं होतं:

जा गं दोरी मागं, थांब श्वास एक
ये गं दोरी पुढं, पाण्यावर टेक.

सगळी कला त्या थांबण्यात आहे, असं तो म्हणायचा. मला थांबता येत नव्हतं. मागे गेलेलं काहीही लगेच पुढे ओढावंसं वाटायचं.

मग हळूहळू जमलं. जुलैभर मी रोज जात होते. मासे लागत होते, सोडत होते. चेपलेला गळ असला की मासा हातातही घ्यावा लागत नाही. गळ पाण्यातच उलटा फिरवायचा की सुटतो. तीन माश्या बुडालेल्या ओंडक्यांना राहिल्या. एकीचे केस माशांच्या दातांनी झडून गेले, नुसता लाल दोरा उरला. ती मी पाण्यात सोडून दिली, कारण त्याने 'पाण्यात घाल' म्हटलं होतं. एका मोठ्या तपकिरी ट्राउट माशाने दोरीच्या टोकाचा बारीक धागाच तोडला. एकदा मासेमार घारीने माझ्या दोरीला लागलेला मासा वरच्या वर उचलला, माशीसकट. काठी वाकून सुटली. लाइल असता तर आठवडाभर गावाला सांगत फिरला असता. मी मान खाली घालून डबीतली पुढची माशी धाग्याला बांधली.

"अस्वला, अकरा राहिल्या."

ऑगस्टमध्ये पाणी तापलं. दुपारी दोननंतर मासेमारी बंद. गरम पाण्यात दमलेला मासा सोडला तरी मरतो. मी पहाटे जायचे, दोनला परतायचे, मर्व्हच्या दुकानात पाण्याचं तापमान सांगायचे. तो फळ्यावर लिहायचा.

"एकटी जातेस," तो एकदा म्हणाला. "पाय घसरून पडलीस तर तुला शोधायला मला यावं लागेल. माझे गुडघे बघितलेस?"

"तुझे गुडघे लाइल असतानाही असेच होते."

"तेव्हा तो मला हसायचा. आता हसायला कोणी नाही, म्हणून जास्त दुखतात." त्याने खडू ठेवला. "किती राहिल्या?"

"सात."

"एक ठेव गं मागे. कोण बघतंय?"

माझ्याही मनात तेच येत होतं, रोज.

सप्टेंबरात वणव्यांचा धूर खाली बसला, अॅस्पेनची झाडं पिवळी झाली. डोंगरावरून एल्क नरांची शीळ यायची, कोणी लांब बासरीत फुंकर सोडावी तशी. त्यांच्यातल्याच कुणाच्या केसांनी मी मासे धरत होते. चार राहिल्या, तीन राहिल्या. बर्फ वितळून आलेल्या त्या पाण्यात हात घातला की बोटं पांढरी व्हायची. मला त्याचंही काही वाटेना. बोटं आणि मी आता सारख्याच झालो होतो.

अठरावी माशी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. कशी गेली ते सांगण्यासारखंसुद्धा नाही: गाठ नीट बसली नव्हती. दोरी परत आली ती मोकळीच. मी पाण्यात उभी होते. एक करडा डुबकीमार पक्षी दगडावर उठाबशा काढत होता. मी डबी उघडून बघितली, रिकामीच होती. वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही.

"अस्वला," परतताना मी म्हटलं, "एकही नाही."

दुसऱ्या दिवशी बर्फ भुरभुरलं. काठी आवरून ठेवायच्या आधी नदीला एकदा बघून यावं म्हणून निघाले, आणि थंडी फार म्हणून खुंटीवरचा लाइलचा लोकरी कोट घातला. त्याच्या खिशात माझ्या बोटाला बुचाचा तुकडा लागला. त्यात एक माशी टोचून ठेवलेली होती.

वाकडी होती. एका अंगाला केस जास्त, दोरा कुठे दाट कुठे विरळ, डोक्याशी गाठ मोठी झालेली. पण लाल दोरा त्याचाच. फेब्रुवारीत मी एकदा त्याचं औषध आणायला शहरात गेले होते, रस्ता बंद म्हणून रात्र तिथेच काढली होती. तेवढीच एक रात्र तो घरात एकटा होता.

मी कोट घालून ओसरीत बराच वेळ उभी होते. ही त्याने डबीत का ठेवली नाही? विसरला असेल. किंवा मुद्दाम नसेल ठेवली. मर्व्ह म्हणाला होता तसं, एक मागे. ही मी वापरली नाही तर शब्द मोडत नव्हता. शब्द अठरांचा होता. माझ्यापुरतं मी ठरवलंही की ही ठेवायची. मग त्याचा आवाज कानात आला, सगळ्या. मी काठी उचलली.

पुलाच्या वर, जिथे नदी खडकाखाली वळते, तिथे मी ती धाग्याला बांधली. नीट गाठ, ओली करून आवळलेली. काट्याकडे पाहिलं नाही. एकतीस वर्षं आमच्या घरात न चेपलेला गळ नव्हता, कोण बघतो. पलीकडच्या काठावर एक मूस मादी, घोड्याएवढं थोराड हरीण, गुडघाभर पाण्यात वाळुंज चघळत उभी होती.

जा गं दोरी मागं. थांबले. पूर्ण एक श्वास थांबले. माशी पाण्यावर टेकली, वाकडी असूनही सरळ तरंगली, आणि खालून एक तोंड आलं.

तो आमच्या पाण्यातला मूळचा ट्राउट होता, गळ्याखाली शेंदरी रेघ असलेला, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. जवळ आला तेव्हा बघितलं, गळ आत जिभेच्या मुळाशी लागला होता. मी सवयीने फिरवला. सुटला नाही. परत फिरवला. रक्त आलं. अंगठा आत घालून चाचपलं तर बधिर अंगठ्यालासुद्धा तो लागला, कुसाएवढा, उभा.

लाइलने ती माशी एकट्याने बांधली होती. पक्कड दाबण्याएवढा जोर त्याच्यात उरलेला नव्हता, आणि दाबणारी घरात नव्हती.

माझ्या खिशात पक्कड होती. गळ ओढला असता तर निघाला असता, जिभेसकट. एक मासा घरी नेण्याची मुभाही असते. नेला असता तर कोणी हटकलं नसतं. माशी माझी झाली असती, धुऊन, वाळवून, काचेत. मी पक्कड हातात घेऊन बसून राहिले, गुडघ्यांवर, पाण्यात. मासा माझ्या तळहातावर तोंड उघडत होता, मिटत होता. मूस मादीने चघळणं थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं.

अशा वेळी काय करायचं ते लाइलनेच शिकवलं होतं. धागा तोंडाशी कापायचा. लोखंड गंजून पडतं, मासा जगतो.

मी धागा कापला. माशाचं तोंड प्रवाहाकडे करून धरलं, त्याच्या अंगात जोर येईपर्यंत. एकदा त्याने शेपूट हलवली, माझ्या तळहाताला धक्का दिला आणि खडकाखाली गेला. लाल दोरा क्षणभर दिसला.

मर्व्ह दुकान बंद करायच्या बेतात होता. कोट बघून त्याने कॉफीचा कप पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरला आणि बोटांत मुंग्या आल्या, मग सुया, मग असं दुखायला लागलं की कप खाली ठेवावा लागला.

"काय लागलं?" तो म्हणाला.

"एक. सोडला."

"आणि माशी?"

"तीही."

तो फळा पुसू लागला, पुसलेलाच. मी बोटं चोळत भिंतीवरच्या पाकिटांकडे बघत होते.

"मर्व्ह, गळ दे एक पाकीट. लाइल न्यायचा तेच."

"तुला बांधता कुठे येतं?"

"नाही येत."

"मग निदान बिनकाट्याचे ने, बाई. ही बोटं बघ तुझी."

"काट्याचेच दे," मी म्हटलं. बोटं अजून दुखत होती, आणि ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी खारट लागलं. "मला एवढंच येतं. चेपायला."