बाटलीवरचे चित्र

मित्रांनो, काचघराच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला पितळी पंप दिसतो ना, तो मीच. पाठीला अडकवून औषध फवारायचा. माझ्या टाकीला दोन पोचे आहेत आणि एक पट्टा सुतळीने बांधलेला आहे.

या घरातल्या थोरल्या भावाने मला नवा कोरा आणला, तेव्हा या काचघरात टोमॅटोच्या बारा रांगा होत्या. मला घेऊन तो निघाला की कीड टपटप गळे. "या पंपाला यश आहे बरं का," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि मी फुगून जाई.

मग त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेतली नोकरी सोडून घरी आली. तिच्या डबीत बारीक गांधीलमाश्या होत्या.

"या चावत नाहीत, दादा. आपल्या टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशीच्या पिलात अंडं घालतात. पिलू काळं पडून मरतं आणि त्यातून हिचंच बाळ बाहेर येतं."

"मुंगीच्या डोळ्याएवढ्या या! आणि माझं पीक राखणार?" थोरला हसला.

पण त्यांनी राखले. नऊ वर्षे राखले! त्यांना वाढवायचे तर पांढरी माशीही पोसावी लागे. म्हणून धाकटीने एका छोट्या खोलीत घेवड्याच्या कुंड्या ठेवून दोघींचा संसार मांडला. "लोक गायी पाळतात, आमची बाई माश्या पाळते," असे थोरला म्हणे, पण कौतुकाने. मी मात्र खिळ्यावर धूळ खात होतो. खोटे कशाला बोलू, मला त्या माश्यांचा हेवा वाटे.

एका उन्हाळ्यात धाकटी लेकीच्या बाळंतपणाला गेली. "खोलीत फक्त पाणी घाल," एवढेच सांगून गेली. त्याच आठवड्यात उकाडा वाढला आणि टोमॅटोचे शेंडे हलवले की पांढऱ्या माश्या उडू लागल्या. बाळंतिणीच्या घरी कशाला त्रास द्यायचा, म्हणून थोरल्याने फोन केला नाही. दुकानातून बाटली आणली. तिच्यावर पांढऱ्या माशीचेच चित्र होते.

त्याने मला खाली काढले. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

बाराही रांगा झाल्या. मग तो छोट्या खोलीच्या दारात थांबला. "इथल्याही पांढऱ्या माश्या थोड्या कमी करू. तिच्या माश्यांना काय होतंय!" आणि त्याने माझा दांडा दाबला.

सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे झाले. बहुतेक गांधीलमाश्या तिथेच पडल्या. काही जगल्या, पण त्या पानावर गोल गोल फिरत राहिल्या. पिलाच्या अंगावरून जात, पण त्यांना ते ओळखू येईना. पानांमागची पांढऱ्या माशीची अंडी मात्र शाबूत होती. धाकटी परतली तेव्हा काचघरात पांढरे ढग उठत होते.

तिने भिंग घेऊन एकेक कुंडी पाहिली.

"दादा, कधी फवारलंस?"

"तू गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी. बाटलीवर पांढरी माशी होती गं..."

"चित्र तिचं असलं तरी विष सगळ्यांनाच लागतं रे. एक फोन करायचास."

ती ओरडली असती तर थोरल्याला बरे वाटले असते.

तिने बाहेरून नव्या गांधीलमाश्या मागवल्या. सकाळी सोडल्या, संध्याकाळपर्यंत मेल्या. पानांत विष अजून मुरलेले होते. शेवटी भावंडांनी बाराही रांगा उपटल्या. थोरला मला भंगारात टाकायला निघाला, तेव्हा धाकटी म्हणाली, "त्याचा काय दोष? चालवला तसा तो चालला."

मित्रांनो, ते खरेच आहे. मला आपणहून थांबता येत नाही, तुम्हाला येते. माझ्यासारख्याचा दांडा धरण्याआधी पान उलटून पाहा. तिथे काळी पडलेली पिले दिसली, तर तुमचे काम आधीच कोणीतरी करत आहे असे समजा, आणि ज्याला त्यातले कळते त्याला विचारा. त्याची झोपमोड झाली तरी चालेल.

छोट्या खोलीतल्या कुंड्या धुऊन उपड्या घातल्या आहेत. धाकटी अजूनही सकाळी उठून सवयीने तिथे जाते, दार उघडते, आणि पुन्हा लावून घेते.